हिब्रू अक्षर 'योद' : सर्वांत लहान अक्षराचा मोठा अर्थ

'मन' आणि 'मान' या दोन शब्दांत फरक किती? फक्त एका कान्याचा. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. इथे तर काना पण नाही, वेलांटी पहिली की दुसरी एवढाच प्रश्न. धरमपेठेतल्या कुठल्याही शाळेत श्रुतलेखनाची वही उघडा, लाल शाईचे गोल बहुतेक याच चिन्हांभोवती दिसतील. "मॅडम, एवढंसं तर राहिलं!" असं मुलं म्हणतात. पण त्या एवढ्याशा खुणेवर अख्खा अर्थ उभा असतो. आजच्या लेखात आपण हिब्रू लिपीतल्या अशाच एका 'एवढ्याशा' अक्षराची ओळख करून घेऊ. त्याचं नाव 'योद'. ख्रिस्ती लोकांना हे अक्षर महत्त्वाचं का वाटतं, तेही पाहू.

योद म्हणजे काय?

हिब्रू वर्णमालेत 22 अक्षरे आहेत आणि ती उजवीकडून डावीकडे लिहितात. योद हे त्यातले दहावे अक्षर. त्याचा उच्चार आपल्या 'य' सारखा. आकाराने ते सगळ्यांत लहान. बाकीची अक्षरे ओळीच्या तळापर्यंत येतात, पण योद वरच्या वर लटकून राहते. ओळीच्या वरच्या बाजूला स्वल्पविराम काढला तर जसा दिसेल, साधारण तसे.

हिब्रूत अक्षरांनी आकडेही लिहितात. त्यात योद म्हणजे 10. 'योद' या नावाचा संबंध 'याद' या शब्दाशी आहे, आणि 'याद' म्हणजे हात. या अक्षराचे फार जुने रूपही हाताच्या आकृतीवरून आले असे मानतात.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील उल्लेख

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, 18 व्या वचनात, येशू सांगतो की आकाश आणि पृथ्वी टिकून आहेत तोवर नियमशास्त्रातली अगदी बारीकशी खूणही रद्द होणार नाही. मूळ ग्रीक मजकुरात इथे दोन शब्द आहेत. पहिला 'योटा', म्हणजे ग्रीकमधले सर्वांत लहान अक्षर. येशूच्या काळातल्या यहुदी श्रोत्यांसाठी त्याचा अर्थ योदच. दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'शिंग', म्हणजे अक्षराला असलेले बारीक टोक.

हे टोक किती महत्त्वाचे, ते एका उदाहरणाने समजेल. हिब्रूत 'द' आणि 'र' ही अक्षरे जवळजवळ सारखी दिसतात, फरक फक्त कोपऱ्यातल्या टोकाचा. 'एहाद' म्हणजे 'एक' आणि 'अहेर' म्हणजे 'दुसरा'. 'परमेश्वर एकच आहे' हे लिहिताना ते टोक सुटले, तर वाक्याचा अर्थच फिरतो! म्हणूनच मराठीत या वचनाचा भाव सांगायला 'काना-मात्रा' हे शब्द अगदी चपखल बसतात.

योदचे तीन अर्थ

1) देवाचे नाव. इस्राएलच्या देवाचे पवित्र नाव हिब्रूत चार अक्षरांचे आहे आणि त्यातले पहिले अक्षर योद. यहुदी लोक आदरापोटी हे नाव उच्चारत नाहीत. सर्वांत मोठ्या नावाची सुरुवात सर्वांत लहान अक्षराने होते, याकडे अनेक ख्रिस्ती भाष्यकार नम्रतेची खूण म्हणून पाहतात.

2) घडवणारा हात. स्तोत्रसंहितेतील 119 वे स्तोत्र म्हणजे वर्णमालेचे स्तोत्रच आहे. 22 अक्षरांचे 22 गट, प्रत्येक गटात 8 वचने, एकूण 176. एका गटातले प्रत्येक वचन त्या-त्या अक्षराने सुरू होते. योदचा गट 73 ते 80 वचनांचा. त्याची सुरुवातच देवाच्या हातांनी आपल्याला घडवले या विचाराने होते, आणि मूळ हिब्रूत पहिला शब्द आहे 'तुझे हात'. अक्षराचे नाव आणि वचनाचा विषय इथे असे जुळतात.

3) येशूचे नाव. गणना या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात मोशे आपल्या सहकाऱ्याचे 'होशेय' हे नाव बदलून 'यहोशवा' ठेवतो. हिब्रूत या बदलासाठी फक्त एक अक्षर पुढे जोडावे लागते, आणि ते अक्षर योद. 'येशू' हे याच नावाचे छोटे रूप. त्याचा अर्थ परमेश्वर तारतो.

यावर यहुदी परंपरेत एक गोड कथा आहे. अब्राहामाच्या बायकोचे नाव आधी 'साराय' होते. देवाने ते 'सारा' केले, तेव्हा त्यातले योद गळाले. मग ते बिचारे देवाच्या सिंहासनापुढे गेले आणि म्हणाले, मी लहान म्हणून मला काढले का? देवाने त्याची समजूत घातली : आधी तू एका नावाच्या शेवटी होतास, आता तुला एका नावाच्या सुरुवातीला बसवतो. आणि ते 'यहोशवा' या नावाला लागले. यहुदी कथा इथे संपते. ख्रिस्ती वाचकाला मात्र त्याच नावात पुढे येशूही दिसतो.

मराठीने जपलेले योद

एक गंमत बघा. इंग्रजीत ही नावे जीझस, जेकब, जोसेफ, जॉर्डन अशी झाली, म्हणजे योदचा 'ज' झाला. मराठी बायबलमध्ये मात्र येशू, याकोब, योसेफ, योना, यरुशलेम असा 'य' शाबूत राहिला. मूळ उच्चाराच्या जवळ आपण जास्त आहोत!

तशी ही लिपी महाराष्ट्राला परकीही नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची बोली मराठी आणि प्रार्थनेची भाषा हिब्रू. मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने 1832 मध्येच मराठीतून हिब्रू व्याकरण तयार केले होते.

एक सावधगिरी

अक्षरांत गुप्त संदेश शोधण्याचा मोह फार लवकर होतो. उदाहरणार्थ, येशूच्या वधस्तंभावरील पाटीच्या हिब्रू आद्याक्षरांतून देवाचे चार अक्षरी नाव तयार होते, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. योहानाचे शुभवर्तमान पाटी हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक भाषांत होती एवढेच सांगते. तिचा हिब्रू मजकूर आपल्यापर्यंत आलेला नाही, आणि चारही शुभवर्तमानांत पाटीचे शब्द थोडे वेगळे आहेत. म्हणून वचनात स्पष्ट काय आहे, परंपरेतली कथा कोणती आणि नुसती कल्पना कोणती, हे तिन्ही वेगळे ठेवायला शिका. श्रद्धेला त्याने धक्का लागत नाही, उलट ती भक्कम होते.

अक्षराची काळजी, माणसाची काळजी

पंडिता रमाबाई (1858-1922) यांचे उदाहरण इथे सांगायलाच हवे. संस्कृतच्या या विदुषी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. हे काम पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झाले.

या मिशनचा आपल्या भागाशीही संबंध आहे. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या होत्या. नागपूर तेव्हा या प्रांताची राजधानी. उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली आणि बालविधवांना त्यांनी केडगावला नेले. समाजाच्या हिशेबात या मुली म्हणजे गळून पडलेली अक्षरेच. मुक्तीमध्ये अशा मुली आणि स्त्रिया लिहायला-वाचायला शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंचे बायबल याच स्त्रियांच्या छापखान्यात छापले गेले. ज्यांना कुणी मोजत नव्हते, त्यांच्याच हातांनी त्या ग्रंथाचा एकेक काना आणि एकेक मात्रा जागेवर बसवली.

योदचा अर्थ याहून सोप्या उदाहरणाने सांगता येणार नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव लहान अक्षर विसरत नाही, तसे लहान माणूसही विसरत नाही.

स्वाध्याय : एका कान्याने किंवा वेलांटीने अर्थ बदलणाऱ्या मराठी शब्दांच्या पाच जोड्या वहीत लिहा.