कॉपी झाली, पण तीच फाइल आली का?

कन्सोल पेठला घरी आणि लॅपटॉप नाशिकच्या होस्टेलवर, अशी विभागणी असली की पीएस टू म्हणजे प्लेस्टेशन टूच्या आपल्याच गेम डिस्कचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घालून एसटीने सावळ घाट ओलांडावा लागतो. घरी पोचल्यावर गेम लोगोपर्यंत येतो आणि तिथेच अडकतो. मग लेन्स, कन्सोल, नशीब अशा सगळ्यांना बोल लावून होतात. फाइल वाटेत बिघडली असेल, ही शंका सर्वांत शेवटी येते.

कॉपीची हिरवी पट्टी पूर्ण भरली म्हणजे विंडोजने लिहायचं काम संपवलं, एवढंच. लिहिलेलं परत वाचून मूळ फाइलशी ताडून पाहणं त्यात येत नाही. फाइलचा आकार जुळला म्हणूनही खात्री देता येत नाही, कारण मधले बाइट बदलले तरी आकार तेवढाच राहतो.

त्यासाठी हॅश काढतात. एसएचए-२५६ ही पद्धत फाइलचा प्रत्येक बाइट वाचते आणि शेवटी ६४ अक्षरांची एक ओळ देते. फाइल चार जीबीची असो वा चार ओळींची, उत्तराची लांबी तीच. फाइलमधला एक बिट जरी पालटला तरी उत्तरातले जवळपास निम्मे बिट पालटतात. त्यामुळे अपघाती बिघाड शोधताना पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली तरी पुरे. चौसष्टच्या चौसष्ट मोजत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

विंडोजमध्ये वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल, मग वजा चिन्ह लावून हॅशफाइल, पुढे फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६ असं इंग्रजीत टाइप करायचं. नाशिकला मूळ फाइलचा हॅश काढून मोबाइलमध्ये जपून ठेवावा. मग कॉपी करावी, पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' करून काढावा, पुन्हा लावावा आणि त्यावरच्या फाइलचा हॅश काढावा. काढून लावण्याची ही पायरी बहुतेक जण गाळतात. पण नुकतीच कॉपी केलेली फाइल संगणकाच्या रॅममध्ये शिल्लक असते. लगेच तपासलं तर पेन ड्राइव्हऐवजी रॅममधलीच प्रत वाचली जाऊ शकते आणि हॅश हमखास जुळतो.

हॅश जुळलाच नाही तर आधी पेन ड्राइव्हवर संशय घ्यावा. बाजारात '६४ जीबी' छापलेले असे नग मिळतात की आत चिप आठ जीबीची असते आणि ड्राइव्हमधल्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आठ जीबीनंतरचा मजकूर कुठेच जात नाही, किंवा आधीच्यावरच लिहिला जातो. फायलींची यादी मात्र ड्राइव्हच्या सुरुवातीला असल्यामुळे नावं आणि आकार अगदी बरोबर दिसतात! एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे मोफत साधन अख्खा ड्राइव्ह भरून पुन्हा वाचतं आणि खरी क्षमता सांगतं. नवा पेन ड्राइव्ह घेतल्यावर एकदा चालवावं. वेळ खातं, पण चालवावं.

पेन ड्राइव्हवरच्या फॅट-३२ या फाइल सिस्टिमची अडचण निराळी. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, आणि डीव्हीडीची प्रत सहज त्यापुढे जाते. म्हणून पीएस टूसाठी यूएसबीवर गेम ठेवताना एकेक जीबीचे तुकडे करण्याची रीत पडली. तुकडे केले की अख्ख्या फाइलचा हॅश तिथे लागू होत नाही; प्रत्येक तुकड्याचा वेगळा नोंदवावा.

हॅश जुळला म्हणजे दोन्ही प्रती सारख्या आहेत. डिस्क ओरखड्यांची असेल आणि मूळ प्रतच सदोष निघाली असेल, तर तो दोषही तंतोतंत पेठला पोचतो. त्यावर तोड म्हणजे रीडम्प हा प्रकल्प. मूळ डिस्कच्या प्रतींचे सीआरसी-३२, एमडी-५ आणि एसएचए-१ या पद्धतींनी काढलेले हॅश तिथे नोंदलेले असतात. डिस्कची प्रत काढल्यावर सर्टयुटिलमध्ये शेवटी एसएचए१ लिहून आलेली ओळ त्या नोंदीशी ताडावी, आणि हे काम नाशिकलाच उरकावं.