ऑकलंड, बार्शी आणि एक विषाणू

माउंट वेलिंग्टन हे ऑकलंडच्या आग्नेय भागातलं उपनगर. माउंगारेई या निवलेल्या ज्वालामुखीची टेकडी, तिच्याजवळ सिल्व्हिया पार्कचा अवाढव्य मॉल आणि भोवती जगभरातून आलेल्यांची घरं. 2023च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये 2,92,092 भारतीय नोंदले गेले. त्यातली मराठी कुटुंबं ऑकलंडच्या अशाच उपनगरांतून विखुरलेली आहेत. नव्याने येणाऱ्याला इथे कॅन्सरबद्दल पहिलं काही ऐकू येतं ते उन्हाच्या निमित्ताने. शाळेतून चिठ्ठी येते: मुलाला टोपी द्या, सनस्क्रीन लावून पाठवा.

चिठ्ठी उगाच येत नाही. दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जरा जवळ असते, इथली हवा स्वच्छ आणि ओझोनचा थर तुलनेने विरळ. उत्तर गोलार्धात तितक्याच अक्षांशावर असलेल्या गावांपेक्षा इथल्या उन्हाळ्यात अतिनील किरणं सुमारे 40 टक्के जास्त पडतात. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या प्रमाणात जगात ऑस्ट्रेलिया पहिला आणि न्यूझीलंड दुसरा. गोऱ्या युरोपीय कातडीची माणसं या उन्हात येऊन राहिली, त्याची ही किंमत. सोलापूर-लातूरकडच्या सावळ्या माणसाला हा धोका फारच कमी. त्याच्या वाट्याचे धोके वेगळे आहेत. त्यातल्या एकाची कथा माउंट वेलिंग्टनहून गाडीने पंधरा मिनिटांवर घडली आणि पुढे बार्शीत जाऊन पोचली.

आधी जगाचा हिशेब. 2022 साली जगात कॅन्सरचे सुमारे 2 कोटी नवे रुग्ण निघाले आणि 97 लाख माणसं त्याने गेली. रुग्णांत फुफ्फुसाचा कॅन्सर पहिला, स्तनाचा दुसरा, आतड्याचा तिसरा. लोकसंख्या वाढते आहे, माणसं जास्त जगताहेत, त्यामुळे 2050 पर्यंत वर्षाला साडेतीन कोटी नवे रुग्ण होतील असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण एकूण आकड्यात विषमता दडून राहते. अतिप्रगत देशांत दर 12 बायकांपैकी एकीला आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो आणि 71 पैकी एक त्याने दगावते. सर्वांत मागास देशांत तो 27 पैकी एकीलाच होतो, दगावते मात्र 48 पैकी एक. होण्याची शक्यता निम्म्याहून कमी आणि मरण्याची जास्त! गाठ कधी लक्षात आली आणि इस्पितळ किती लांब होतं, यावर जीव ठरतो.

कारणांच्या यादीत तंबाखूला आजही तोड नाही. फक्त तिची रूपं देशागणिक बदलतात. न्यूझीलंडमध्ये ती सिगारेट आहे. इथल्या मूळनिवासी माओरींमध्ये धूम्रपानाचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त, आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यूही कितीतरी जास्त. 2009 पासून पुढे जन्मलेल्यांना कधीच सिगारेट विकायची नाही, असा कायदा या देशाने डिसेंबर 2022 मध्ये केला. जगाने टाळ्या वाजवल्या. सरकार बदललं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये, अंमल सुरू होण्याआधीच, तो रद्द झाला. महाराष्ट्रात तीच तंबाखू चुन्यात मळून ओठामागे जाते, बायकांच्या बोटावर मिश्री होऊन हिरड्यांना लागते. जगातल्या तोंडाच्या कॅन्सरच्या तीन रुग्णांपैकी एकाहून अधिक भारतात आहेत. गुटख्यावर महाराष्ट्राने 2012 साली बंदी घातली. ती पाळली कशी जाते हे कोणत्याही एसटी स्थानकाच्या कोपऱ्यात दिसतं.

आता त्या कथेकडे. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हा खरं तर सगळ्यांत आळशी कॅन्सरांपैकी एक. एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, बहुतेकींच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. काहींच्यात तो मुक्काम ठोकतो, पेशी बिघडवतो आणि सहसा पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर उभा राहतो. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी 1983 साली या विषाणूचा मुख्य प्रकार शोधला. त्यांना 2008 मध्ये नोबेल मिळालं. मधल्या बिघाडाच्या टप्प्यावर पकडलं तर कॅन्सर होतच नाही.

बिघाड तसाच सोडला तर काय होतं, हे जगाला कळलं ते ऑकलंडच्या बायकांमुळे. ग्रीनलेनजवळच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमधले डॉ. हर्बर्ट ग्रीन यांचं ठाम मत होतं की या बिघाडाचं कॅन्सरमध्ये सहसा रूपांतर होत नाही. 1966 साली त्यांना परवानगी मिळाली आणि काही बायकांना पूर्ण उपचार न देता केवळ ‘नजरेखाली’ ठेवण्यात आलं. आपण प्रयोगात आहोत हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. तिथल्याच मॅकिंडो, मॅक्लीन आणि जोन्स या डॉक्टरांनी 1984 मध्ये निबंध लिहून धोका मांडला. तो वैद्यकीय नियतकालिकात राहिला. जून 1987 मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी ‘मेट्रो’ मासिकात लेख लिहिला तेव्हा देश हादरला. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी चौकशी करून 1988 मध्ये अहवाल दिला. त्यातून देशव्यापी तपासणी योजना, रुग्णांच्या हक्कांची संहिता आणि ते हक्क जपणारा आयुक्त अशी व्यवस्था उभी राहिली. 2008 मध्ये जुनी कागदपत्रं पुन्हा तपासली गेली. ज्यांच्यावर उपचार अपुरे झाले त्या 143 बायकांत तीस वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण 31 टक्के निघालं. नीट उपचार झालेल्यांत एक टक्क्याहूनही कमी.

दुसरी बाजू बार्शीची. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलभोवती 1987 पासून भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. तिच्याच बळावर 1999 मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास सुरू झाला. लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. गावांचे चार गट केले: एकात एचपीव्ही चाचणी, एकात पॅप, म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची चाचणी, एकात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, चौथ्यात काहीच नाही. आठ वर्षांनी एचपीव्ही गटात 34 मृत्यू होते, चौथ्या गटात 64. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

चौथ्या गटाबद्दल पुढे कडक टीका झाली. तपासणी उपयोगी आहे हे ठाऊक असताना त्या बायकांना ती का दिली नाही? ऑकलंडमध्ये झालं तसं बिघाड डोळ्यांसमोर दिसत असताना उपचार रोखणं आणि जिथे तपासणी मुळातच नव्हती तिथे ती एका गटाला न देणं, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. तरीही 64 हा आकडा टोचतो, आणि संशोधकांचं ‘देशात तपासणीची पद्धतच नाही’ हे उत्तर सरकारवरचा आरोप म्हणूनच जास्त पटतं.

या साऱ्याचा फायदा आज कोणाला? सप्टेंबर 2023 पासून न्यूझीलंडने पॅप मागे ठेवून एचपीव्ही चाचणी मुख्य केली. पंचवीस ते एकोणसत्तर वयाच्या बाईने दवाखान्यात जाऊन पडद्याआड स्वतःच कापसाची काडी फिरवून द्यायची. निकाल चांगला आला की सहसा पाच वर्षं चिंता नाही. परक्या डॉक्टरसमोर कपडे काढायच्या संकोचापायी तपासणी टाळणाऱ्या बायकांसाठी ही मोठीच सोय. तिथल्या आशियाई बायकांचं तपासणीतलं प्रमाण आजवर कमीच राहिलं आहे, त्यात आपल्याही आल्या. एचपीव्हीची लस तर तिथे मुलींना 2008 पासून आणि मुलांनाही 2017 पासून मोफत आहे.

आणि जिथे तो अभ्यास झाला त्या देशात? भारतात 2022 मध्ये गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 27 हजार नवे रुग्ण निघाले, जवळपास 80 हजार बायका त्याने गेल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस 2023 मध्ये बाजारात आली. तपासणीची स्थिती मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने 2019-21 मध्ये नोंदवून ठेवली आहे: तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी या कॅन्सरसाठी आयुष्यात एकदा तरी तपासणी झालेल्या 1.9 टक्के.