कंठांतील कर्करोग आणि देशोदेशींचे आंकडे

कंठमण्याच्या खालीं फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड नांवाची एक लहानशी ग्रंथि असते. या ग्रंथीच्या कर्करोगाचे देशोदेशींचे आंकडे पाहिले म्हणजे मति गुंग होते. दक्षिण कोरियांत २०११ सालीं या रोगाच्या निदानाचें प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालें. त्या एका वर्षांत चाळीस हजारांहून अधिक रोगी सांपडले. कोणासही वाटेल कीं, त्या देशाच्या अन्नांत वा पाण्यांत कांहीं विष कालवलें गेलें असावें. परंतु खरी सांथ आली म्हणजे तिच्यामागोमाग मृत्यूही वाढतात. येथें या रोगानें दगावणाऱ्यांची संख्या वर्षास तीनशें-चारशें, होती तेथेंच राहिली.

याचा उलगडा असा. १९९९ सालीं कोरियन सरकारनें कर्करोग-तपासणीची देशव्यापी योजना सुरू केली. तींत थायरॉइडचा समावेश नव्हता. पण तपासणीस आलेल्या माणसास थोड्या जादा पैशांत गळ्याची अल्ट्रासाउंड-तपासणीही करून देण्याचा प्रघात दवाखान्यांतून पडला. हातास न लागणारी चिमुकली गांठही या यंत्रास दिसते, आणि अशा गांठी पुष्कळांच्या गळ्यांत असतात. फिनलंडमध्यें शवविच्छेदन केलेल्या १०१ माणसांच्या ग्रंथि बारीक काप काढून तपासल्या, तेव्हां ३६ जणांत कर्करोग आढळला. बहुतेक गांठी मोहरीच्या दाण्याहूनही लहान! ही पाहणी १९८५ सालीं प्रसिद्ध झाली. अर्थात् जो देश अधिक शोधतो, त्याला अधिक सांपडतो. २००३ ते २००७ या काळांतील स्त्रियांच्या निदानांपैकीं अशीं अनावश्यक निदानें कोरियांत सुमारें ९० टक्के, अमेरिका, इटली, फ्रान्स व ऑस्ट्रेलियांत ७० ते ८० टक्के, तर जपान व इंग्लंडांत ५० टक्के असावींत, असा अंदाज संशोधकांनीं २०१६ सालीं मांडला.

गांठ निरुपद्रवी असली तरी तिच्यावरील उपाय तसा नसतो. कोरियांत निदान झालेल्या जवळजवळ प्रत्येकाची ग्रंथि पूर्णतः वा अंशतः काढण्यांत आली. सगळी ग्रंथि गेल्यास जन्मभर गोळी घ्यावी लागते. शिवाय शंभरांत अकरा जणांच्या शेजारील उपग्रंथि दुखावून रक्तांतील चुन्याचें प्रमाण बिघडलें, आणि दोघांच्या स्वरतंतूंस पक्षाघात झाला. सारा दोष सर्जनांच्या माथीं मारणेंही योग्य नव्हे; ‘कर्करोग’ हा शब्द कानीं पडल्यावर स्वस्थ बसणारा रुग्ण विरळाच.

जपानांतील कोबे येथील कुमा रुग्णालयानें मात्र १९९३ पासून डॉ. मियाउची यांच्या सूचनेवरून निराळाच मार्ग धरला. एक सेंटिमीटरपर्यंतची, न पसरलेली गांठ कापावयाची नाहीं, नियमित पाहत राहावयाचें. अशा १२३५ रुग्णांत दहा वर्षांच्या अवधींत सुमारें ८ टक्क्यांची गांठ वाढली, ४ टक्क्यांहून कमी जणांत रोग मानेच्या लसिका-ग्रंथींत पोंचला, आणि त्या रोगानें एकही दगावला नाहीं. आश्चर्य असें कीं, म्हाताऱ्यांपेक्षां तरुणांतच गांठ अधिक वाढली.

याच ग्रंथीच्या कर्करोगाचा एक विरळा प्रकार मात्र कांहीं महिन्यांतच प्राण घेतो. म्हणून भराभर वाढणारी गांठ, बसलेला आवाज वा गिळण्यास होणारा त्रास यांची तपासणी तांतडीनें झालीच पाहिजे. धडधाकट माणसाच्या गळ्यांत गांठ हुडकणें ही गोष्ट वेगळी. कोरियांतील कांहीं डॉक्टरांनीं २०१४ सालीं हाच भेद जाहीर पत्रकानें लोकांपुढें मांडला, आणि वर्षभरांतच तेथील या शस्त्रक्रिया सुमारें एकतृतीयांशानें घटल्या.