भाडेपट्टा कोणाच्या नावाने?

जमिनीचा प्रश्न निघाला की आपले लक्ष गायरानाकडे जाते. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांनी ही दृष्टी दिली, आणि ती योग्यच आहे. पण छत्रपती संभाजीनगरात उद्योग करू पाहणाऱ्या आपल्या तरुणासमोर जमीन येते ती गाळ्याच्या, शेडच्या, औद्योगिक भूखंडाच्या रूपाने; आणि ती बहुधा पट्ट्याने मिळते. म्हणून भाडेपट्टा हा केवळ वकिलांचा विषय आहे असे मी मानत नाही. आपल्या वाडवडिलांची जमीन वतनाच्या चाकरीला बांधलेली होती. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. जमीन कोणत्या अटीवर मिळते, हे आपण तरी तपासायलाच हवे.

पहिली गोष्ट, हक्क कोणता मिळतो? 'लीव्ह अँड लायसन्स'ने फक्त वापराची परवानगी मिळते, जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. भाडेपट्ट्याने तो होतो. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. तोंडी शब्दावर यंत्रे बसवणे म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर संसार मांडणे होय. मुद्रांक शुल्क मुदतीप्रमाणे वाढते: पाच वर्षांपर्यंत बाजारमूल्याच्या १० टक्के रकमेवर, २९ वर्षांपुढे ९० टक्के रकमेवर. हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

दुसरी गोष्ट, पट्टा घेणार कोण? २०१३ च्या कायद्याखाली दोन माणसे खाजगी मर्यादित कंपनी स्थापू शकतात. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती असते. संचालक बदलला वा मरण पावला तरी पट्टा कंपनीकडेच राहतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी कंपनीची नोंदणी, मग सही कोणी करायची याचा संचालक मंडळाचा ठराव, मग पट्टा. खाजगी इमारतीतील गाळा असेल तर आणखी एक बाब लक्षात ठेवावी. भरणा झालेले भांडवल एक कोटी वा अधिक असलेल्या कंपनीला १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण नाही. त्याहून लहान कंपनी त्या कारणाने वगळली जात नाही.

कंपनीच्या नावाला आडनाव नसते. संचालकाला मात्र असते, आणि जागामालक ते विचारतोच. या दृष्टीने औद्योगिक विकास महामंडळाची वाट अधिक मोकळी आहे. १९६२ साली स्थापन झालेले हे महामंडळ चिकलठाणा, वाळूज येथील भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या पट्ट्याने देते. पण आधी होतो तो पट्ट्याचा करार. ठरल्या मुदतीत बांधकाम पूर्ण झाल्यावर अंतिम पट्टा होतो. भूखंड मिळाला म्हणून सत्कार घ्यावा आणि बांधकामाची मुदत विसरावी, हे परवडणारे नाही.

खरा धोका याहून वेगळा आहे. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के वाटा ठेवला गेला. २०१६ च्या 'स्टँड अप इंडिया' योजनेत दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्जाची तरतूद झाली. दोन्हींत कंपनीचे किमान ५१ टक्के भाग आपल्या माणसाकडे असावेत ही अट होती. ही अट ज्यांना खुपते ते आपल्याच तरुणाला पुढे करतात. कागदावर तो ५१ टक्क्यांचा धनी; पण बँकेच्या खात्यावर सही दुसऱ्याची, आणि भाग हस्तांतराच्या कोऱ्या फॉर्मवर याची सही आधीच घेतलेली! पट्टा कंपनीचा आणि कंपनी सावकाराची, असे झाले तर ९५ वर्षे कोणाची? उलट कर्ज थकले की वैयक्तिक हमीपोटी वसुली याच्याकडून.

माझे शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच: वस्तीतला तरुण सही करायला निघाला तर त्याच्याबरोबर बसा. भागधारकांची यादी, खात्यावरील सहीचा अधिकार, पट्ट्याची मुदत, नूतनीकरणाचे कलम आणि हमीपत्र हे पाच कागद मोठ्याने वाचा. समजले नाही तर सही उद्यावर टाका. नाव आपले असून भागत नाही. ताबाही आपला हवा.