केबिनमधला धूर आणि डोक्यावरचा मास्क

१२ ऑक्टोबर २०२२च्या रात्री गोव्याहून हैदराबादला येणाऱ्या स्पाइसजेटच्या क्यू४०० विमानाची केबिन धुराने भरून गेली. विमान हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर सुखरूप उतरले. ८६ प्रवासी होते. उतरताना एकीला खरचटले, इतकेच.

आग कुठेच नव्हती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) तपासणीत इंजिनाच्या ब्लीड-ऑफ व्हॉल्व्हमध्ये तेल आढळले आणि तेच वातानुकूलन यंत्रणेत शिरले होते. इंजिनाचे तेल प्रवाशांच्या नाकापर्यंत पोचते कसे? बहुतेक विमानांत आपण श्वासात घेतो ती हवा इंजिनातूनच येते! बाहेरची विरळ हवा इंजिनाचा कॉम्प्रेसर दाबतो आणि इंधनाशी गाठ पडण्याआधीच तिचा थोडा भाग केबिनकडे वळवला जातो. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, तशी ही हवाही दाबाने तापते, पण कितीतरी जास्त. म्हणून आधी ती थंड करावी लागते. बेअरिंगजवळचे सील गळू लागले, की तेलाचे थेंब या तापलेल्या हवेत सापडतात आणि त्यांचा धूर होतो. बोइंग ७८७ मध्ये केबिनच्या हवेसाठी वेगळे विजेवर चालणारे कॉम्प्रेसर आहेत.

केबिनमध्ये धूर झाला की सगळ्यांचे डोळे छताकडे लागतात, मास्क कधी पडतात म्हणून. पण ते धुरासाठी नसतातच. केबिनचा दाब गेला तर विमान १०,००० फुटांपर्यंत खाली येईतो तग धरता यावा, यासाठी त्यांत साधारण १२ ते १५ मिनिटांचा ऑक्सिजन असतो. त्यात केबिनचीच हवा मिसळते, म्हणजे धूरही. शिवाय खरोखर आग असेल, तर जादा ऑक्सिजन तिला भडकवणार. वैमानिकांचे मास्क वेगळे. ते शुद्ध ऑक्सिजन देतात. २५,००० फुटांखाली उडणाऱ्या बऱ्याच टर्बोप्रॉप विमानांत तर प्रवाशांसाठी छतातून पडणारे मास्कच नसतात.

धुरावर उपाय एकच: लवकर उतरणे आणि लवकर बाहेर पडणे. १९ ऑगस्ट १९८० रोजी सौदिया या विमान कंपनीचे आग लागलेले ट्रायस्टार विमान रियाधला परतून व्यवस्थित उतरले, पण दारे वेळेत उघडली नाहीत आणि आतले सर्व ३०१ जण गेले. तरीही उड्डाणाआधीच्या प्रात्यक्षिकात मास्क कसा ओढायचा हे सविस्तर दाखवतात आणि धुराबद्दल क्वचितच काही सांगतात. खाली वाका, ओला रुमाल नाकातोंडावर धरा, सामान तिथेच सोडा: गोवा-हैदराबाद विमानात हे कोकणी, मराठी आणि तेलुगूतूनही सांगायला हवे.