पोथीतला भीमाशंकर आणि डोंगरातला

२०२३ च्या फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या तोंडावर, आसाम सरकारची एक जाहिरात झळकली आणि महाराष्ट्रात गहजब उडाला. सहावे ज्योतिर्लिंग भीमाशंकर म्हणे गुवाहाटीजवळच्या डाकिनी टेकडीवर आहे! पुढारी तावातावाने बोलू लागले. मी मात्र घरातले शिवपुराण काढून बसलो.

त्यातल्या कोटिरुद्रसंहितेत भीम राक्षसाची कथा येते. कुंभकर्ण आणि कर्कटी यांचा हा मुलगा. त्याने कामरूपाच्या राजाला बंदीत टाकले, राजाने तिथेच मातीचे शिवलिंग करून पूजा मांडली आणि शंकर प्रकटले. कामरूप म्हणजे आसाम. तेव्हा जाहिरात अगदीच निराधार नव्हती. पण गंमत अशी, की तेच पुराण या मायलेकांचे बिऱ्हाड सह्य पर्वतावर सांगते. आपल्याही पदरात काही पडतेच म्हणायचे! उत्तराखंडात काशीपूरकरांचा तिसराच दावा आहे, तोही याच ज्योतिर्लिंगावर.

आमच्या डोंगरात सांगतात ती कथा वेगळीच. त्रिपुरासुराला मारून दमलेल्या महादेवाचा घाम निथळला आणि त्याची भीमा नदी झाली. एका श्रावणात देवळाच्या पायऱ्यांवर बेल-फुले विकणाऱ्या आजींना मी आसामचे सांगून पाहिले. "आसंल की तिकडंबी. पर मग ही भीमा कुठनं निघती, सांगा की," असे म्हणून त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. देवळासमोर १७२९ साल कोरलेली पोर्तुगीज घंटा आहे, चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेतली. ती महादेवाला चालते का, हे पाहायला कुणी शास्त्र उघडले असेल असे वाटत नाही.

आजी-आजोबा डोंगर चढले म्हणून आपण चढतो आणि पोथीतले सोयीचे पान मागाहून शोधतो, असे माझे मत झाले आहे. गैरसोयीचे पान तसेच पडून राहते. त्यावरून कुणाचे काही अडत नाही.

अडते ते शास्त्र दारात येऊन पैसे मागू लागले की. याच मुलखातले उदाहरण आहे. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला १८८० च्या दशकात बाळाजी कुसाजी पाटील यांनी घरची लग्ने ब्राह्मण पुरोहितावाचून लावली. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाची ती रीत. ग्रामजोशांनी आपला वतनी हक्क बुडाला म्हणून दावा ठोकला. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले आणि तिथे पाटील जिंकले. पुराणात कामरूप आहे की सह्याद्री, असल्या विसंगतींनी शेतकरी पुरोहिताविरुद्ध उभा राहिला नसता. फुल्यांनी त्याला हिशेब मांडून दाखवला होता. जन्मल्यापासून मरेपर्यंत, आणि मेल्यावरही, धर्माच्या नावाने त्याच्या घरातून किती वेळा काय काय जाते, ते १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'च्या पहिल्याच प्रकरणात आहे. ते वाचायला पंडित असावे लागत नाही.

म्हणून ओतूरने देव सोडला असे मात्र नाही. गावात मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वराचे देऊळ आहे. श्रावणी सोमवारी तिथे तांदळाच्या पिंडी रचतात आणि त्या पाहायला आसपासच्या गावांतून माणसे लोटतात.