बायपासनंतर अब्बा गप्प का झाले?

बायपास हा शब्द आता आपल्या घरांना नवा राहिलेला नाही. कोणाचे मामू मिरजेला जाऊन आले, कोणाच्या खालांचे ऑपरेशन मुंबईत झाले. पायाची नस कुठून काढतात, छातीचे हाड जुळायला किती दिवस लागतात, जेवणात तेल-मीठ किती ठेवायचे, हे घरातला कोणीही सांगू शकतो. पण घरी आलेला माणूस तीन आठवडे उलटले तरी भिंतीकडे तोंड करून का पडून राहतो, नातवंडे जवळ आली तरी हसत का नाही, काही कारण नसताना त्याचे डोळे का भरून येतात, यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही. बोललेच तर एवढेच, "अल्लाहने जान वाचवली, आता शुक्र करायचे सोडून हे काय?"

हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण आजारी माणसाला ते फार लागते. कारण तो स्वतःला मनातल्या मनात हेच विचारत असतो.

हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी साधारण पाचांत एकाला नैराश्याचा आजार होतो. थोडीफार उदासी, चिडचिड, झोप उडणे तर त्याहून बऱ्याच जणांना होते. पहिले काही आठवडे असे वाटणे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचे ते हळूहळू ओसरते. ज्यांचे ओसरत नाही त्यांची काळजी करायला हवी. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी बायपास झालेल्या ८१७ रुग्णांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले आणि २००३ साली निष्कर्ष मांडले. ऑपरेशनच्या वेळी ज्यांचे नैराश्य बऱ्यापैकी तीव्र होते, किंवा सहा महिन्यांनंतरही ज्यांची उदासी हटली नव्हती, त्यांच्यात मृत्यूचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक आढळला. यात गूढ काही नाही. खचलेला माणूस गोळी चुकवतो, चालायला जात नाही, सोडलेली तंबाखू पुन्हा तोंडात टाकतो, रात्र जागून काढतो. त्या साऱ्याचा भार शेवटी हृदयावरच पडतो.

पहिला धक्का बहुधा अतिदक्षता विभागातच बसतो. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखादा शांत स्वभावाचा माणूस एकदम वेगळेच बोलू लागतो. नर्स मला विष देते आहे, भिंतीवर कोणी उभा आहे, मला घरी न्या. कोणी नळ्या ओढायला बघतो. वयस्कर रुग्णांत हे अधिक दिसते. अशा वेळी बाहेर बसलेल्या नातेवाइकांत कुजबुज सुरू होते, नजर लागली, आसर झाला, ताविज आणा. दुआ जरूर करावी. पण भुलीची आणि वेदनेची औषधे, ताप, रक्तातल्या क्षारांचा चढउतार, हृदय-फुप्फुस यंत्रावर राहिलेले शरीर आणि रात्रंदिवस जळणारे दिवे यांनी मेंदू असा गोंधळतो, आणि बहुतेकांचा तो काही दिवसांत ताळ्यावर येतो. डॉक्टरांना लगेच सांगावे. भेटायची परवानगी मिळाली की त्यांचा चष्मा द्यावा, कानाचे यंत्र लावावे, आज वार कोणता, सकाळ की संध्याकाळ, हे ओळखीच्या आवाजात सांगावे. त्यांच्याशी वाद घालू नये. आणि घरी आल्यावर "अब्बा तुम्ही काय काय बोलत होता" म्हणून चारचौघांत हसू नये. पुष्कळांना त्यातले थोडे आठवत असते आणि त्याची लाज वाटत असते.

घरी आल्यावर दुसरा काळ सुरू होतो. छातीचे हाड नीट जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे, काहींना तीन महिने लागतात. तोवर जड उचलायचे नाही, हातांवर जोर देऊन उठायचे नाही. कालपर्यंत दुकानाचे शटर ओढणारा, गाडी चालवणारा, सगळ्यांचे खर्च बघणारा माणूस आज कुशीवर वळायलाही मुलाला हाक मारतो. त्यात काही औषधांनी थकवा येतो, तोंडाची चव जाते. मोठा खर्च झालेला असतो. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया झाली तरी घर बंद ठेवून महिनाभर शहरात राहण्याचा खर्च होतोच. शेजारच्या खोलीत त्या हिशेबाची बोलणी चालतात आणि आजारी माणूस ती ऐकत पडलेला असतो. आमचे म्हणणे एवढेच, की ती बोलणी त्याच्या कानाआड तरी करावीत, नाहीतर सरळ त्याच्यासमोर बसून, त्याचा सल्ला घेऊन करावीत. अर्धवट कानावर पडलेले आकडे सर्वात वाईट.

इयादतीला येणाऱ्यांबद्दलही बोलायला हवे. आजाऱ्याची विचारपूस करणे सुन्नत आहे, पण थोडा वेळ बसून, दुआ देऊन उठणे हाही तिचाच अदब आहे. आपल्याकडे दहा माणसे येतात, चहा होतो, आणि मग कोणाचा कोण बायपासनंतर तिसऱ्या महिन्यात कसा गेला, याच्या हकिकती सुरू होतात. घरच्यांनी इथे कडक व्हावे. कोणी नाराज झाले तर होऊ द्यावे.

नमाजची एक वेगळीच खंत असते. सज्द्यात वाकणे आणि हात टेकून उठणे यात छातीच्या हाडावर नेमका नको तो जोर येतो, म्हणून काही आठवडे खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज पढावी लागते. शरीअतने ही सवलत दिलेली आहे. रोजाबाबतची सवलत तर सूरह बकरामध्येच स्पष्ट आहे. तरीही वयस्कर माणसाला वाटत राहते की आपली इबादत अपुरी पडते, आणि त्या विचाराने तो आणखी खचतो. मशिदीच्या इमाम साहेबांनी घरी येऊन पाच मिनिटे हे समजावले, तर मुलांच्या दहा दिवसांच्या समजावण्यापेक्षा त्याचा गुण जास्त येतो.

उदास असणे म्हणजे ईमान कमजोर असणे, ही समजूत कुठून आली कोण जाणे. हजरत याकूब (अलैहिस्सलाम) मुलाच्या विरहात इतके रडले की त्यांची दृष्टी गेली. बीबी खदीजा आणि अबू तालिब यांचे निधन झाले ते वर्ष सीरतच्या ग्रंथांत दुःखाचे वर्ष म्हणूनच ओळखले जाते. मग आपल्या अब्बांनी रडू नये, असे सांगणारे आपण कोण?

स्त्रिया रुग्ण असतील तर गोष्ट उलटी घडते. अम्मींना कोणी पडून राहू देत नाही, आणि त्या स्वतःही राहत नाहीत. पंधराव्या दिवशी त्या स्वयंपाकघरात, कणीक मळायला, कुकर उचलायला. छातीत दुखले की गप्प, उदास वाटले तरी गप्प. त्यांचा गप्पपणा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण काम चालूच असते.

ओळखायचे कसे? डॉक्टर सुरुवातीला दोनच प्रश्न विचारतात, ते घरीही विचारता येतात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश वाटले का? आवडीच्या गोष्टींतून मन उडाले का? एकाचेही उत्तर होय आले तर हृदयाच्या डॉक्टरांना सांगावे आणि मानसोपचारतज्ज्ञाचे नाव विचारावे. हृदयरोग्यांना चालतील अशी औषधे आहेत. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर काहींनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून चालू औषधांची सगळी यादी दाखवावी. माजून किंवा काढा चालू असेल तर तोही लपवू नये. "मेलो असतो तर बरे झाले असते" असे शब्द आले तर दोन आठवडे थांबू नये, माणसाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते.

गोळ्यांखेरीज सर्वात मोठे औषध म्हणजे चालणे. डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी अंगणात पाच मिनिटे, मग गल्लीच्या टोकापर्यंत. पती-पत्नीच्या संबंधांची धास्तीही पुष्कळांच्या मनात असते आणि ती कोणी बोलत नाही. दोन जिने दम न लागता चढता येऊ लागले, हाड जुळले, की बहुतेकांना अडचण नसते. तपासणीच्या वेळी मुलांना बाहेर बसवून हे विचारावे.

अमेरिकेतील पिट्सबर्ग भागात बायपासनंतर निराश झालेल्या ३०२ रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना परिचारिका आठ महिने ठराविक दिवसांनी फोन करत, झोप कशी आहे, गोळ्या घेता का, चालता का, विचारत आणि डॉक्टरांना कळवत. या गटातल्या निम्म्या रुग्णांची उदासी बरीच कमी झाली. ज्यांना असे फोन येत नव्हते त्यांच्यात हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास राहिले. आपल्याकडे असा फोन करणारी परिचारिका क्वचितच मिळेल. पण दुबईत किंवा पुण्यात असलेली लेक रोज इशानंतर फोन करतेच. "जेवलात का" याच्या पुढे तिने आणखी तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे एका वहीत लिहून ठेवावीत. पुढच्या तपासणीला ती वही डॉक्टरांच्या हातात द्यावी.